तख्त्यावरचं तख्त्यावर

अजमतबी हातात पिशवी घेऊन पाटोद्याच्या बाजारातून चालली, की दुकानांतले लोक एकच शब्द विचारायचे, "कोण?" कोण गेलं, एवढं वाक्यही कोणी पुरं करत नसे. ती थांबायची, नाव सांगायची आणि पुढे जायची. कधी ती नुसती भाजीला निघालेली असायची. तेव्हाही पानटपरीवरून कोणी तरी "कोन, खाला?" म्हणायचं आणि ती न थांबता उत्तर द्यायची, "वांगी."

त्यावर हसायला कोणी धजत नसे.

मुस्लिम घरात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ बायकाच घालतात. त्याला गुस्ल म्हणतात. तख्ता म्हणजे मशिदीतली लाकडी फळी. तिच्यावर निजवायचं, अंगावरची चादर न काढता, बोरीचा पाला उकळलेलं पाणी बदन्याने सोडायचं. बदना म्हणजे तोटीचा तांब्या. आधी उजवी बाजू, मग डावी, शेवटच्या पाण्यात कापूर. घरच्या बायका हाताशी असतात, पण रीत ठाऊक असलेली एक बाई लागते. पाटोद्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत ती बाई म्हणजे अजमतबी.

पिंजाऱ्याच्या घरात लग्न होऊन आलेली. सासूच्या हाताखाली हे काम शिकली. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. बहिणीचा मुलगा दिलावर तिनेच वाढवला. त्याची खाला, म्हणजे मावशी, ती सगळ्या गावाची खाला झाली. बसस्थानकाजवळ त्याचं बोअरच्या जळालेल्या मोटारींना तार भरून द्यायचं दुकान आहे. आमची आणि त्यांची मागची भिंत एकच, त्यामुळे तिचं खोकणं, भांडी घासणं, पहाटेची नमाज, सगळं आम्हाला ऐकू यायचं.

तिचे हात पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकायचा. बोटांची टोकं आणि तळवे कायम पांढरे, सुरकुतलेले, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. एप्रिल-मे महिन्यात सगळी गल्ली टँकरची वाट पाहत कोरडी बसलेली असायची, तेव्हाही तिचे हात तसेच. नव्या सुना तिला येताना पाहून ओट्यावरून आत जात. लग्नाच्या जेवणाला तिला बोलावणं असे, पण तिच्या हातून वाढून घ्यायला कोणी ताट पुढे करत नसे. तिला ते माहीत होतं. ती वाढायला उभीच राहत नसे. एका कोपऱ्यात बसून जेवायची आणि ताट स्वतः धुऊन ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात रविवारचे वर्ग सुरू झाले. कल्पना साधी होती. गावात ज्याला जे येतं ते त्याने दुपारच्या वेळी शेजाऱ्यांना शिकवायचं. वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे आणि माझं अक्षर बरं आहे. दिलावरने मोटार उघडून तांब्याची तार कशी भरतात ते दाखवलं. एका निवृत्त मास्तरांनी सातबारा वाचायला शिकवला. बजरंग नावाचा धनगर शेळीचे खूर कापायला शिकवणार होता, त्याने खरोखरची शेळी जिन्याने वर आणली. तिने खूर मुकाट कापू दिले, पण जाताना वर्तमानपत्रांची अर्धी चवड खाऊन गेली. लोकांना वर्ग आवडू लागले होते.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर मी खुर्च्या रचत होतो. दारात अजमतबी उभी होती. वाचनालयात ती आजवर आली नव्हती. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "कोण?"

"कोन न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या त्या फळ्यावर माझं बी नाव लिवा, मोहनभाऊ."

"काय शिकवणार, खाला?"

"मला दुसरं काय येतं?"

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता, आणि तिने डाव्या हाताने मनगट धरलं तरी थांबेना.

"मागं मी तापानं पडले होते, तवा एक बाई गेली. सकाळी गेली. बीडहून धुनारी येस्तोवर दिवस मावळला. तवर ती तशीच पडून." तिने हात पदराखाली घेतला. "एवढ्या बायांचं केलं मी. माझं कोन करनार?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नळाला पाणी कधी येणार, असं विचारतात तसं तिने विचारलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: गुस्ल, शिकवणार अजमतबी, फक्त महिलांसाठी.

दुसऱ्या दिवशी ती ओळ कोणीतरी पुसली होती. मी पुन्हा लिहिली. ती पुन्हा पुसली गेली. समितीतल्या दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माणसं इथे पेपर वाचायला येतात. शेवटी वर्ग तिच्याच घरी भरवायचं ठरलं. मशिदीतला तख्ता मय्यत असल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. म्हणून दिलावरने मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि विटांवर आडवं ठेवलं. दाराच्या जागी पडदा लावला. आडव्या दाराला कडी तशीच राहिली होती.

तिथे पुरुषांना जाता येत नव्हतं. वर्गातलं मला जे कळलं ते मंगलकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून. निदान सुरुवातीचं. पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही तर खालाला वाईट वाटेल, म्हणून मंगल गेली. हिंदू बाईने तिथे बसावं का, यावर गल्लीत दोन्हीकडच्या लोकांनी थोडी कुजबुज केली. मंगलने कोणालाच विचारलं नव्हतं, त्यामुळे कुजबुज तिच्यापर्यंत पोहोचली नाही.

पहिल्या रविवारी सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या. अजमतबीने पाण्याचं, कापराचं, कापडाचं काहीच सांगितलं नाही. दाराच्या फळीवर हात ठेवून ती म्हणाली, "जिला धुवायला शिकायचं तिनं आदी इथं झोपायचं."

कोणी उठेना.

"खाला, आमी उभ्याउभ्या शिकतो की," लुबना म्हणाली. लुबना गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, तिशीच्या आसपासची. तिची मशीन आणि तोंड बरोबरच चालू होतात आणि बरोबरच बंद होतात. कोणाच्या कमरेचं माप किती वाढलं आणि कशामुळे वाढलं, हे सगळ्या पाटोद्याला तिच्यामुळे कळतं.

"झोपल्याबिगर कळत न्हाई," अजमतबी म्हणाली. "पानी जोरात पडलं तर कसं लागतं, हात ओढला तर कसा ओढतो. मय्यत सांगत न्हाई. तुमी सांगाल." मग तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आन एक हाय. तख्त्यावर जे दिसंल, जे वाटंल, ते तख्त्यावरच ठिवायचं. नवऱ्याला न्हाई, आईला न्हाई. बाकी मी सगळं शिकवीन. ते मला शिकवता येत न्हाई."

"बास, एवढंच?" यास्मिन म्हणाली. यास्मिनच्या सासरचा फळांचा गाडा आहे. ती धीट बाई. ती उठली आणि फळीवर आडवी झाली. अजमतबीने तिच्यावर चादर घातली, चेहऱ्यावरूनही, आणि रिकामा बदना घेऊन कोरडंच पाणी सोडायला लागली. तोंडाने एकेक गोष्ट सांगत होती. डोकं असं धरायचं. केस हळू सोडवायचे. हात काखेतून उचलायचा, मनगटाला धरून न्हाई. वर्ग संपला तेव्हा यास्मिन उठून बसली, आणि चप्पल न घालताच घरी गेली.

तीन दिवसांनी फळांच्या गाड्यावर ही गोष्ट होती. यास्मिन गिऱ्हाइकांना सांगत होती की चादरीखाली असताना तिच्या पायाशी कोणी तरी उभं होतं. अजमतबी डोक्याकडे बोलत होती, बाकीच्या भिंतीपाशी होत्या, आणि पायाशी आंब्याच्या पेंढ्याचा वास येत होता. तिचे वडील आंब्याची अढी लावायचे. ते वारून बरीच वर्षं झालीत.

पुढच्या रविवारी यास्मिन वर्गाला गेली. सगळ्यांच्या हातात आळीपाळीने बदना देऊन अजमतबी धार धरायला शिकवत होती. यास्मिनपाशी आल्यावर तिने बदना पलीकडच्या बाईच्या हातात दिला. यास्मिन शेवटपर्यंत बसून राहिली.

असं एकेकीचं झालं. जी झोपायची तिच्या पायाशी कोणी तरी यायचं. एकीला जात्याची घरघर ऐकू आली. एकीला वाटलं, कोणी तरी तिच्या पायातलं जोडवं चाचपून पाहतंय. एवढं मनात ठेवणं बायकांना जमत नव्हतं. कोणालाच जमलं नसतं. कोणी नणंदेला सांगितलं, कोणी नळावर. पुढच्या वेळी त्यांच्यापुढून बदना निघून जायचा.

मंगल फळीवर झोपली त्या दिवशी घरी आल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. मी विचारलं तर म्हणाली, "कमरेला कडी टोचली." रात्री जेवली, झोपली. सकाळी चहा गाळताना, माझ्याकडे पाठ असताना, ती म्हणाली, "माझे तळवे चोळत होती."

"कोण?"

"आई. लहानपणी ताप आला की अंगठ्याने चोळायची तसं. टाचेपासून वर." तिने चहा कपात ओतला. "डोळे मिटायच्या आधी मी पाहिलं होतं हो. पायाकडे भिंत होती. उभं राहायला जागाच नव्हती तिथे."

तिने मला सांगितलं आणि आम्ही तो विषय तिथेच सोडला. मी हे कोणाजवळ बोललो नाही. मंगलही नाही, तेवढं मी तिला ओळखतो. तरी पुढच्या रविवारी ती वर्ग संपायच्या आतच परत आली. चप्पल दारात काढून माझ्यासमोर उभी राहिली.

"तिला कळलं," ती म्हणाली.

"कसं कळेल?"

"आज तिने परत एकेकीला झोपवलं. नुसता हात उचलून पाहिला. माझा हात उचलला, खाली ठेवला, आणि बदना लुबनाला दिला."

मला हे पटलं नाही. संध्याकाळी मी पलीकडे गेलो. अजमतबी ओट्यावर बसून कापसातल्या सरक्या काढत होती. मी सरळच विचारलं की मंगलने काही सांगितलं, असं तुम्हाला कोण म्हणालं.

"कोन म्हनंल? तुमच्या घरातलं तुमच्याच घरात हाय." ती सरक्या वेचत राहिली. "हात हलका लागला, भाऊ. पहिल्या बारीला जड होता. सांगून टाकलं की मानूस हलकं होतं. माझ्या सासूनं मला दावलेलं. धुताना हात उचलला की कळायचं, ही बाई सगळं बोलून गेली, ही मनात घिऊन गेली. काही बाया अशा जड असतात, दोघींना कूस वळवता येत न्हाई. वाळलेल्या काडीवानी देह, तरी."

"आणि ते पायाशी कोण येतं?"

मौलवीसाहेबांना असलं बोलणं आवडलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. "पायाशी एक असतंच, असं सासू म्हनायची. ज्याचं त्याला वळखू येतं. धुनारीनं तिकडं बघायचं न्हाई, इचारायचं न्हाई. आपलं काम डोक्याकडून."

"पण चांगलं दिसलं तर सांगायला काय हरकत आहे? लोक म्हणतात, चेहऱ्यावर नूर होता, तेज होतं. घरच्यांना तेवढाच आधार."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "सासूनं एकदा सांगितलं. म्हनाली, पोरगी हसत होती. आईला बरं वाटलं. मग दुसऱ्या घरी इचारलं, आमची कशी होती? तिथं हिनं 'ठीक' म्हटलं. झालं. गल्लीभर झालं की ती बाई हसत नव्हती, म्हंजे कायतरी असंल. तिच्या दोन पोरींची ठरलेली लग्नं मोडली. एकीचं चांगलं सांगितलं की दुसरीचं न सांगितलेलं वाईट होतं, भाऊ." तिने सरकी उडवून टाकली. "आन अंगावर मार दिसला तर मी हातच लावत न्हाई. भाईर येऊन म्हनते, पोलिसाला बोलवा. दोनदा म्हटलंय. ते येगळं."

मी उठताना म्हणालो, "मग आता उरलं कोण?"

"ती भोंगा," अजमतबी म्हणाली. लुबनाबद्दल. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

लुबना पहिल्या महिन्यातच झोपली होती. त्या दिवशीही येता-जाताना तिचं तोंड चालू होतं. दुसऱ्या दिवशी बायकांनी मुद्दाम जुने ब्लाउज उसवायला नेले, तिला बोलतं करायला. तिने शेजारणीच्या सुनेचं सांगितलं, गॅसवाल्याचं सांगितलं, आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. पायाशी कोण होतं, विचारल्यावर ती म्हणायची, "काखेत सैल करू का घट्ट?" पुढच्या रविवारी अजमतबीने तिचा हात उचलला. मंगलने पाहिलं, उचलताना म्हातारीला दुसरा हातही लावावा लागला.

नंतरचे बरेच महिने वर्गात दोघीच असायच्या. भिंतीतून आम्हाला पाण्याचा आवाज यायचा, अजमतबीचा आवाज यायचा. फळीवर कोणी असलं-नसलं तरी तिथे बाई निजलेली असल्यासारखी ती काम करताना बोलायची. "आता कुशीवर घेते हं. गार लागंल जरा." लुबनाचा आवाज मात्र त्या खोलीतून कधी येत नसे. गल्लीत पाऊल ठेवलं की सुरू व्हायचा. मग खऱ्या मय्यतीलाही अजमतबी तिला बरोबर नेऊ लागली. आधी पाणी भरायला, मग बदना धरायला. बाजारातून दोघी चालत यायच्या, तेव्हा लुबना बडबडत असायची आणि तरीही लोक बाजूला सरकायचे.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला, एका सकाळी, अजमतबी ओट्यावर बसल्याबसल्या गेली. मंगल तिला डाळ द्यायला गेली होती, तिनेच प्रथम पाहिलं. हात मांडीवर होते आणि, मंगल म्हणाली, कोरडे होते.

दुपारपर्यंत गल्लीत माणसं जमली. जमातीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दिलावरला सांगितलं, "बीडला फोन कर. तिथली जाणती बाई येईल. ही लुबना अजून पोर आहे, शिवाय तिच्या तोंडाला कुलूप नाही. खालाच्या अंगावरचं सगळ्या गावात व्हायला नको." दिलावर खाली मान घालून बसला होता. त्यालाही तीच भीती होती. खाला त्याच्याजवळही सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बसायची. तिच्या अंगावर काय होतं, काय नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तिला ते कोणी पाहायला नको होतं, एवढं ठाऊक होतं. त्याने मोबाइल हातात घेतला.

"दिलावरभाई," मंगल बायकांच्या बाजूने म्हणाली. ती सहसा पुरुषांत बोलत नाही. "बीडची बाई येईस्तोवर संध्याकाळ होईल. खालाला तेच नको होतं. म्हणून तर वर्ग काढला."

"पर वैनी, ही लुबना..."

"मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, तर खालाने मला बदना दिला नाही. हिला देत राहिली. मग ती काय उगीच?"

दिलावरने मोबाइल खिशात ठेवला. तो म्हणाला, "बोलवा तिला."

मशिदीतून तख्ता आला. मागच्या खोलीत, जिथे दार नव्हतं आणि पडदा होता, तिथे तो मांडला. लुबना आली ती गल्लीतून बोलतच आली, की रिक्षावाल्याने सुट्टे दिले नाहीत. पडद्यापाशी चप्पल काढली आणि गप्प झाली. आत ती आणि हाताशी दोघी, एक यास्मिन. बाकीच्या बायका पुढच्या खोलीत.

आम्ही पुरुष बाहेर अंगणात होतो. चुलीवर बोरीचा पाला उकळत होता. दिलावर पातेल्यातून पाणी काढून बादली आत देत होता. घरात बदने दोन होते. एक आत गेला होता. दुसऱ्याची तोटी गळत होती, तो दिलावरच्या हातात होता. तोच पातेल्यात बुडवून तो बादली भरत होता.

आतून धारेचा आवाज सुरू झाला. डोक्याच्या बाजूला, भिंतीजवळ. अजमतबी शिकवायची तशीच, एकसारखी, घाई नसलेली धार. मग ती थांबली. आणि दुसऱ्या बाजूला, पायाकडे, दुसरी धार सुरू झाली. ती थांबायच्या आत पहिली पुन्हा लागली. दोन्ही आवाज एकाच वेळी येत होते. मी दिलावरच्या हाताकडे पाहिलं. तोही आपल्या हातातल्या बदन्याकडे पाहत होता. पाणी पातेल्यात गळत होतं. शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, थांबली होती. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

यास्मिन मध्येच बाहेर आली. तिचा रंग उतरला होता. अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसली, परत आत गेली नाही. दुसरी बाईही आली. लुबना शेवटपर्यंत आतच होती.

ती बाहेर आली तेव्हा बाह्या कोपरांपर्यंत भिजलेल्या होत्या आणि ओढणीही. दिलावर उठून तिच्यासमोर गेला. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान झाला होता.

"खालाचा चेहरा कसा होता?"

लुबना ओढणी पिळत होती.

"एवढंच सांग. नूर होता का? शांत होती का?"

मौलवीसाहेब जवळच होते. ते हलकेच म्हणाले, "चांगलं असेल ते सांगायला मुभा आहे, बेटी."

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने होय म्हटलं असतं तर दिलावरचं ओझं उतरलं असतं. खरं असो, खोटं असो, कोणी विचारलं नसतं. लुबना त्याच्याकडे पाहून म्हणाली, "दिलावरभाई, सकाळपासून चहा घेतला का तुमी? घ्या थोडा. लई येळ झालाय."

दिलावर तिच्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि मय्यतीच्या तयारीला लागला. कब्रस्तानातून आल्यावर तो मला म्हणाला, "मी तिचा मुलगा हाय, भाऊ. मला बी न्हाई?" त्या दिवसापासून त्याने लुबनाशी बोलणं टाकलं. तिच्या मशीनची मोटार जळाली, तर ती तिला बीडला न्यावी लागली. मागच्या खोलीला त्याने दार परत बसवलं नाही. ते अजून भिंतीला टेकून उभं आहे.

लुबनाचंही पूर्वीसारखं राहिलं नाही. गिऱ्हाइकं येतात, पण माप घेताना तिचे हात अंगाला लागले की बायका श्वास रोखतात, असं मंगल सांगते. बोलणं तेवढंच, पण ऐकणारी माणसं कमी. दुकानात बसून ती कधी कधी एकटीच बोलत असते.

फेब्रुवारीत एक दिवस मी दिलावरच्या दुकानात आमच्या बोअरची मोटार आणायला गेलो होतो. कडा गावाकडून एक जीप आली. मागे दोन बायका, तोंडावर पदर. पुढचा माणूस उतरला, चाळिशीचा, डोळे सुजलेले. त्याने दिलावरला विचारलं, "इथली ती गुस्लवाली बाई कुठं राहते? आमची अम्मा गेली. दोन साल अंथरुणाला होती." तो आवाज खाली आणून म्हणाला, "पाठीला लई जखमा झालत्या तिच्या. आमी केलं सगळं, पर लोक म्हणतील, पोरांनी बघितलं न्हाई. ती बाई बोलते का हो?"

दिलावर तार गुंडाळत होता. तो थांबला नाही. "बोलते. दिवसभर बोलते."

त्या माणसाने जीपकडे पाहिलं. परत जाऊन बसणार, असं मला वाटलं.

"माझ्या खालाला तिनंच धुतलं," दिलावर म्हणाला. "मी समोर उभा राहून इचारलं. मौलवीसाब म्हनले सांग. मला आजवर सांगितलं न्हाई."

त्याने तार दातांनी तोडली आणि हाताने दाखवलं. "ते गल्लीच्या तोंडाशी. शिलाईचं दुकान."

जीप तिकडे गेली. आम्हाला दुकानातून दिसत होतं. लुबनाने मशीन थांबवली, ऐकून घेतलं, आतून बदना आणि पिशवी घेऊन आली. बायकांनी तिला जागा करून दिली. ती चढली, बसली, आणि मग आणखी थोडी आत सरकली. तिच्या कडेला एका माणसापुरती जागा राहिली. तिने तिथे पिशवी ठेवली नाही, मांडीवर घेतली. दार लागलं, जीप गेली. त्या जागेवर कोणी बसलेलं नव्हतं.

दिलावरनेही ते पाहिलं. लुबना घाईत कापड मशीनखालीच सोडून गेली होती आणि दुकान उघडं होतं. त्याने हात पुसले, रस्ता ओलांडला, कापड सोडवून घडी घातली आणि शटर खाली ओढलं.